बळदातली लक्ष्मी

आमच्या लालासाहेबाला शहाणा म्हणणारी माणसं गावात ढिगानं हायेत. मी त्याची थोरली भण, मला तसं म्हणायची काय सक्ती न्हाई.

पलटणीतनं घरी आला तवा हवालदार हुता. पाराच्या कट्ट्यावर चार दिस बसला आन सुभेदार झाला. बढती कुणी दिली इचारू नगा, त्याची त्यानंच घेतली. लढाईत इटलीला ऱ्हाऊन आलेला, म्हणून उठता बसता इटली. भाकरी करपली की इटलीतली भाकरी, बैल आजारी पडला की इटलीतलं खेचर. त्याची बायको मनुबाई तोंडाला पदर लावून सगळं ऐकून घ्यायची. माझ्याच्यानं ते हुत नव्हतं.

मी धोंडुबाई. नवरा गेल्यावर भावाच्या दारात आले ती तिथंच हाय. माझा घरधनी सांगलीला हळदीच्या पेवावर हमाल हुता. पेव म्हंजे भुईतली बिनपाण्याची विहीर समजा, आत हळद भरून वरनं तोंड बंद करत्यात. उघडल्यावर आत कोंडलेली हवा असती, म्हणून आदी दिवा सोडून बगायचा. दिवा जळत ऱ्हायला तर उतरायचं, इझला तर थांबायचं. त्या दिशी दिवा सोडला हुता, पर दोरी आखूड. दिवा वरच्यावरच लोंबकळला, जळत ऱ्हायला, आन मुकादम म्हणला, उतर. उतरला. मी भाकरी घिऊन तिथंच बसले हुते. खालनं वरच्या गड्यांसंगं त्याची चेष्टा चालली हुती. बोलता बोलता गप झाला. वरची म्हणाली, दमला असंल. दमला असंल, दमला असंल म्हणत इतका येळ घालवला की मग काय इचारायला नगं.

असो. गोष्ट इंजिनाची हाय.

लढाई संपली आन उरल्यासुरल्या लष्करी सामानाचं काय करावं सरकारला सुचंना. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या, सगळं विकायला निघालं. मिरजंला इष्टेशनाजवळ चांदसाहेब म्हणून यापारी हुता, त्याच्याकडनं लालासाहेबानं इजंचं इंजिन आणलं. दोन गड्यांनी उचलावं एवढं, हिरव्या रंगाचं, पेट्रोल पिणारं. दोरी वढली की भडभडायला लागायचं आन तारंच्या दुसऱ्या टोकाला दिवा लागायचा. आमच्या गावात तवा इज म्हंजे फकस्त आभाळातली. सगळा गाव बगायला लोटला.

आता एक गोष्ट खरी, खोटं मी बोलणार न्हाई. त्या इंजिनाचे कायदे लालासाहेबाला तोंडपाठ हुते. पलटणीत असलंच इंजिन त्याच्या ताब्यात असायचं. कट्ट्यावर उभा ऱ्हाऊन मिशीवरनं हात फिरवत सांगायचा, "हे कवाबी उघड्यावर चालवायचं. खोलीत न्हाई, तंबूत न्हाई. ह्याच्या नळीतनं धुरासंगं जो वायू येतो त्येला ना रंग ना वास. आमच्या छावणीत दोघं थंडी वाजती म्हणून तंबूत इंजिन घिऊन झोपली, सकाळी उठलीच न्हाईत, उशाचा कंदील मातूर जळतच हुता. पावसात भिजवायचं न्हाई, वर पत्रा धरा, पर चारी बाजू मोकळ्या. तापलेल्या इंजिनात पेट्रोल वतायचं न्हाई. आन दहा दिव्यांचं इंजिन हाय. अकरावा लावणाऱ्याचं कानफाट फोडीन."

आमचा गडी अर्जुना एकदा बिडी वढत पेट्रोलच्या डब्याला हात घालायला गेला, तर लालासाहेबानं त्याला सगळ्या आळीतनं पळवला. ते मातूर झ्याक केलं. माझं म्हणणं एवढंच, देवानं त्याला अक्कल दिली हुती, पर त्यानं ती दुसऱ्यांना वाटायला ठेवली हुती. घरच्या वापराला शिल्लक काय न्हाई.

त्या वैशाखात त्याच्या लीलाचं लगीन निघालं. मनुबाईनं तिला जन्म दिला, पर मनुबाई त्या बाळंतपणात जी अंथरुणाला लागली ती वरीसभर. पोर माझ्या मांडीवर वाढली. मला पोटचं न्हाई. लीला हाय. ह्याच्या वर मला काय सांगता येत न्हाई आन सांगायचं बी न्हाई.

स्थळ कडेगावचं. ऊस, मळा, पोरगा बरा. पोराचा चुलता नानासो मातूर एक नंबरचा तुसडा. सुपारी फुटायच्या दिशी त्यानं इचारलं, मांडवात गॅसबत्त्या किती? लालासाहेब म्हणला, "गॅसबत्त्या? पाव्हणं, आमच्याकडं इज लागणार हाय इज." तिथनं पुढं लगीन पोरीचं ऱ्हायलंच न्हाई, इंजिनाचं झालं. पत्रिकेत पोरीच्या नावाखाली 'इजेच्या रोषणाईत' असं छापून आणलं. मुहूर्त गोरज धरला, दिस मावळताना. दुपारचा मुहूर्त भटजीनं चांगला सांगितला हुता, पर दुपारी दिवं कुणाला दिसणार?

लग्नाच्या दिशी सकाळी त्यानं इंजिन खळ्याच्या कडंला नेलं. घरापासनं लांब, वर पत्रा, चारी अंगानं मोकळं, कडब्याची गंजी बी दुसरीकडं हलवली. मोजून दहा दिवं. मी म्हणलं, चला, एका दिवसापुरता तरी शहाणा झाला.

मग मनुबाई आली हळदीकुकवाचं ताट घिऊन. इंजिनाला कुंकू, इंजिनाला नारळ, इंजिनाच्या नळीला झेंडूचा हार. "लक्ष्मी हाय ती," म्हणाली. आळीतल्या समद्या बायका वटी भरायला आल्यागत पाया पडून गेल्या. लालासाहेब छाती काढून उभा. मला कुणी ताटाला हात लावू दिला न्हाई. मी रांडमुंड, माझी जागा मागल्या परड्यात, चुलवणावर. चारशे माणसाचा भात माझ्या हातचा चालतो बरं का, कुंकू चालत न्हाई.

ऊन उतरलं आन वळवाचं ढग भरून आलं. वारं सुटलं. तिकडं सांगलीहून आणलेला बँडवाला कुरकुरायला लागला की इंजिनाच्या भडभडाटात त्याची पिपाणी कुणाला ऐकू जाईना. पोरंटोरं इंजिनाला हात लावायला बगत हुती. आन त्यात मनुबाईनं सूर लावला, "आवं, तिनीसांज व्हायला आली. दिवालावणीच्या टायमाला लक्ष्मी उंबऱ्याभाईर ठेवू नये. आज पोरीचं लगीन हाय. आत घ्या तिला."

कुणाबी शहाण्यानं म्हणलं असतं, ती लक्ष्मी न्हवं, इंजिन हाय, तिची जागा खळ्यात. पत्रा अजून एक टाका, दगड ठेवा, पोरांना हाकला. पर हे सगळं बोलायला एकच माणूस हुता आन त्यो लालासाहेब. त्यानं ढगाकडं बगितलं, गर्दीकडं बगितलं आन म्हणला, "अर्जुना, उचल. बळदात ने."

बळद म्हंजे आमची धान्याची खोली. जाड भिंती, ना खिडकी ना झरोका. तिचं एकच दार, ते माजघरात उघडतंय. आन माजघरात गौरीहर मांडलेला. त्याच्यापुढं पाटावर पिवळी साडी नेसून लीला बसायची हुती, गौरी गौरी म्हणत. बोहल्यावर न्यायला मामा येत न्हाई तवर नवरीनं पाटावरनं उठायचं न्हाई, ही रीत.

मी चुलवणावरची उलथनी टाकून तशीच आले, उंबऱ्याच्या अल्याडच उभी ऱ्हायले. "लाला, आरं तूच सांगितलंस न्हवं, खोलीत न्हाई, तंबूत न्हाई? दोघं मेली म्हणलास."

"आक्का, तू चुलवण बग."

"आरं पोर बसायची हाय शेजारी!"

"बळदाचं दार वढून घेतो की. तार जायपुरती फट ऱ्हाईल." मग त्याचं डोकं चाललं, म्हंजे चालल्यागत त्याला वाटलं. "आन ही बग समई. गौरीहराजवळ जळतीया न्हवं? पेवात काय करत्यात? दिवा सोडत्यात. दिवा जळतोया म्हंजे हवा साफ. तुला मी सांगायला पायजे व्हय? इझली समई की इंजिन भाईर काढू."

मला! पेवाचा दिवा मला सांगतोया. माझ्या डोक्यातनं मुंग्या गेल्या. पर बाईमाणूस, त्यात रांडमुंड, त्यात लग्नाचं घर. वर त्यानं आनिक टोला हाणला, "गुऱ्हाळाच्या चुलवणापुढं दिसभर उभी ऱ्हातीस, तवा कुठं मरतीस? धूर म्हंजे डोळ्यात पाणी. हितं हाय का डोळ्यात पाणी?" गोळा झालेली माणसं हसली. सुभेदार बोलला म्हणल्यावर हसायला पायजेच. छावणीतली ती दोघं त्याच्या तोंडातनं कवा गळाली कुणास ठाऊक.

मी परत परड्यात गेले. मनुबाईनं माजघराच्या मागल्या दाराला भाईरनं कडी घातली, कुत्रं-मांजर आत यायला नगं म्हणून. कुत्र्या-मांजरात मी आले, ते न सांगता कळलं.

लीला पाटावर बसली. शेजारची सुलाबाई पाठराखीण म्हणून तिच्यापाशी. डोक्यावर इजंचा दिवा, ही लालासाहेबाची खास हौस, कारण इजंच्या दिव्याखाली गौरीहर पुजणारी पहिली नवरी त्याची पायजे. दार फळ्यांचं हुतं, फटीतनं मला तिचा आवाज यायचा. गौरी, गौरी. लहानपणी पाढं म्हणायची तशी, जरा गाणं करून. भाताला वाफ आली का बगायची आन कान तिकडं ठेवायची, असं माझं चाललं हुतं.

मुहूर्त जवळ आला, पर वऱ्हाड जानवसघरातनं हलंना. का? तर नानासो रुसला. मांडवात इज, पोरीच्या घरात इज, आन आमच्या जानवसघरात कंदील? कडेगावची माणसं काय अंधारातली हायेत? पोरीचा मामा गुंडा त्याची समजूत काढायला गेला आन तिथंच अडकला. मामा न्हाई म्हंजे पोरीला पाटावरनं उठवणार कोण? लालासाहेबानं समजूत काढायचा सोपा मार्ग काढला. आनिक तार जोडली आन जानवसघरात चार दिवं दिले.

कानफाट फोडणार हुता न्हवं? मी बगत हुते, कुणाचं फोडतोया. कुणाचंच न्हाई. नानासोची मान मातूर ताठ झाली.

दहाचं इंजिन, त्याला चौदा दिवं. बैलाच्या गाडीत दुप्पट ऊस भरल्यावर जे हुतंय तेच झालं. मांडवातले दिवे लालभडक, मिणमिणते झाले. आतनं इंजिन कण्हायला लागलं. लालासाहेब मांडवातनं वरडला, "अर्जुना, पेट्रोल सोड! जोर दे!" अर्जुनानं आत जाऊन काय तरी फिरवलं, आन खोकत खोकत बिडी वढायला भाईर आला. इंजिन फुरफुरलं, दिवे चढले, माणसांनी टाळ्या पिटल्या. कडेगावकर जानवसघरात दिव्याखाली बसून पान खात हुते. उठायचं नाव न्हाई.

थोड्या येळानं सुलाबाई पुढच्या दारानं माझ्याकडं आली. भिंतीला धरून. "धोंडुआक्का, माझं डोस्कं फुटतंया. मळमळतंया. उन्हाचं झालं वाटतं. वाइच पाणी द्या, मी घरी जाऊन पडते."

"आन पोर?"

"बसलीया की. समई जळतीया, दिवा लागलाया, तिला काय झालंय?" आन गेली ती. पाठराखीण म्हणं! पाठ तेवढी दावली.

मी फळीला कान लावला. गौरी, गौरी. पर आता मधी मधी खंड पडत हुता. एकदा गौरीच्या जागी तिनं दुसरंच काय तरी म्हणलं, झोपेत बडबडल्यागत. मी हाक मारली, "लीले!" "अं," म्हणाली. एवढंच. मग गप.

इंजिन भडभडत हुतं, बँड वाजत हुता, चारशे माणसं बोलत हुती. आन मला फकस्त ती गप बसलेली ऐकू येत हुती.

मी मनुबाईकडं धावले. ती मांडवातल्या बायकांना गुलाबपाणी शिंपडत हुती. म्हणलं, पोर बोलंना. म्हणाली, "वन्सं, उपाशी हाय ती सकाळधरनं. दमली असंल. आन तुमी आत जाऊ नगा हां, पाया पडते तुमच्या. गौरीहर मांडलाय, आज तरी."

दमली असंल!

लालासाहेबाकडं गेले. मांडवाच्या दारात उभा, फेट्याचा तुरा आभाळाला लागायचा बाकी. त्यानं मला हातानंच थांबवलं. दारातनं वाकून माजघराकडं नजर टाकली. "समई लख्ख जळतीया, आक्का. दिवा बी लागलाय. डुलकी लागली असंल. मामा आल्याबिगर नवरी उठवायची न्हाई, अपशकुन करू नगंस. आन ह्या अवतारात मांडवात येऊ नगंस, माणसं बगत्यात."

मी परत गेले, आन कडी काढली.

दार उघडल्यावर काय दिसलं सांगू? सगळं झ्याक. वर दिवा ढणढणीत, समई शांत, गौरीहर फुलांनी भरलेला. ना धूर, ना डोळ्यात पाणी. आन त्या सगळ्या उजेडात माझी लीला पाटावरनं कलंडलेली. तोंड लालबुंद, तुकतुकीत, बगणारा म्हणला असता नवरी काय खुललीया. हाताला धरून हलवली तर मान खाली लोंबली.

मी तिच्या काखंत हात घातले आन वढली. हळदीची पोर, गौरीहरापुढची नवरी, रांडमुंडीनं उंबऱ्यावरनं फरफटत भाईर काढली. साडी फाटली, मुंडावळ्या तुटल्या, समई आडवी झाली. झाली तर झाली. दारातनं मी वरडले, "आरं अर्जुना, इंजिन बंद कर! तोंडाला पटका धर, आत थांबू नगंस, कळ फिरव आन भाईर पळ!" अर्जुना धावला. माझा आवाजच तसा निघाला असंल.

इंजिन थांबलं. मांडव काळाकुट्ट झाला.

आता बगा हं माणसं कशी असत्यात ती. अंधार झाल्याबरोबर जो गलका उठला, त्यात एकाच्या तोंडात "काय झालं" न्हाई. "दिवं कुणी घालवलं? दिवं कुणी घालवलं?" जानवसघरातनं नानासो वरडतोया, आमची चेष्टा लावलीया का. मनुबाई वरडतीया, लक्ष्मी इझली, लक्ष्मी इझली. आन लालासाहेब तर तलवार उपसल्यागत आला परड्यात. "लाईट कुणी घालवली? कुणाची हिंमत झाली?"

"माझी," मी म्हणलं.

चुलवणाच्या जाळाचा उजेड हुता. त्यात त्यानं बगितलं. शेणीच्या ढिगाशेजारी, मातीत, त्याची पोरगी आडवी पडलेली, आन मी तिचं तोंड वाऱ्याकडं करून तिच्या छातीवरचं कापड सैल करतीया. एवढं मी कबूल करते, त्यानं पुढं एक शबुद काढला न्हाई. इटलीतला बी न्हाई.

मी तिच्याशी बोलत हुते. काय बोलत हुते आता आठवत न्हाई. उठ गं, लीले, उठ गं बाई, तुझ्या बापाच्या मढ्यावर दिवं लागू देत, तू उठ. असलंच काय तरी. मिरजंचे दाक्तर मिरजंला. आमच्याकडं वारं तेवढं हुतं, वळवाच्या आदीचं, गार. ते तिच्या तोंडावर सारखं येत ऱ्हायलं. मग तिनं एकदम छाती वर उचलली, श्वास वढला, आन भडाभडा वकली. माझ्या लुगड्यावर. आजपतूर माझ्या लुगड्यावर एवढी चांगली गोष्ट पडली न्हाई.

पोर शुद्धीवर आली आन समद्यांना वाचा फुटली. गर्दीत नानासो सगळ्यांच्या पुढं. "गौरीहरापुढची नवरी विधवंनं वढून काढली. समई पाडली. असल्या अपशकुनाची पोर आमी कशी न्यायची?" मनुबाई माझ्याकडं बगून रडायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "तरीच म्हणलं पोरीला घेरी कशी आली. सावली पडली हिची." म्हंजे इंजिन सुटलं बगा, सावली सापडली. चुलवणातलं जळतं लाकूड उचलून एकेकाच्या तोंडाला लावावं असं मला वाटलं. वाटलं म्हंजे, अजून वाटतंय.

मग गुंडा मामा पुढं झाला. भला माणूस, पर रीत म्हणल्यावर त्यो बी काय करणार. "पोरी, हुईल का उठायला? परत पाटावर बसवू, गौरीहर नीट मांडू, चार गौरी म्हण आन मग मी तुला नेतो. म्हंजे दोष जाईल." आन लालासाहेबाला एकदम तोंड फुटलं, "व्हय, व्हय. तसंच करू. अर्जुना, इंजिन..."

"आबा," लीला म्हणाली. माझ्या खांद्याला टेकून बसली हुती. डोळे अजून धड उघडत नव्हते. "मी बसते पाटावर. पर आदी तुमी बसा."

"म्हंजे?"

"इंजिन सुरू करा. बळदाचं दार मगाशी हुतं तेवढंच वढून घ्या. समई लावा. आन माझ्या पाटावर बसा, मामा तुमाला उठवायला येईपतूर. तुमी उठून आलासा की मग मी बसते."

चुलवणात लाकूड फुटल्याचा आवाज आला.

समद्यांची तोंडं लालासाहेबाकडं वळली. मी बी त्याच्याकडंच बगत हुते, जन्मभर त्याच्याकडं एवढं निरखून बगितलं नव्हतं. त्यानं बळदाच्या दाराकडं बगितलं. मग भुईकडं. पाऊल काय उचललं न्हाई. हळूहळू त्यानं फेटा काढला आन हातात धरला. छावणीतली ती दोघं त्याला आठवली असतील, उशिरा का हुईना.

आन बसला न्हाई म्हणल्यावर समद्या मांडवाला कळलं की समई जळती का न्हाई ह्याच्याशी कशाचा संबंध नव्हता, आन ते त्याला आदीपासनं ठावं हुतं.

नानासोनं बी मग अपशकुनाचं नाव काढलं न्हाई. आळीतनं गॅसबत्त्या आल्या, मारुतीच्या देवळातलं टेंभं आले. बँडवाल्याची पिपाणी त्या दिशी पहिल्यांदा ऐकू आली. भटजी म्हणला, घटका टळून चाललीया, नवरी आणा. गुंडा मामानं हात पुढं केला, तर लीलानं त्याचा हात धरलाच न्हाई. "मामा, तुमी पुढं चाला. मला पाटावरनं आत्तीनं उठवलंय, आत्तीच नेईल." नानासोनं तोंड उघडलं. पर भाताचा वास सुटला हुता आन कडेगावकरांना भूक लागली हुती. पोटात कावळं वरडायला लागलं की माणसाचा धरम जरा मऊ हुतो. त्यानं तोंड परत मिटलं.

मी तिला उठवली. तिचा सगळा भार माझ्यावर. डोकं फुटत असणार, पाय लटपटत हुते. मागल्या दाराच्या उंबऱ्यापाशी आलो आन माझं पाऊल अडलं. मगाशी आत शिरताना इचार केला नव्हता. आता पुढं मांडव, माणसं, अंतरपाट धरून भटजी, आन माझं हे उघडं कपाळ. माझ्या तोंडातनं शबुद फुटंना.

लीलानं माझा हात घट्ट दाबला. "आत्ती, गप ऱ्हाऊ नगंस गं," म्हणाली. "काय तरी बोलत ऱ्हा. तू गप झालीस की मला भ्या वाटतं."

मग मी तिला बोहल्यापतूर नेली, आन वाटंनं तिच्या बापाला शिव्या देत गेले, चारशे माणसांच्या देखत, मोठ्यांदा.